लहान मुलाला घेऊन पहिली क्रूझ: मुंबईच्या धक्क्यावरून निघताना

जहाजावर आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे घरून नेलेला प्लॅस्टिकचा मग. केबिनच्या न्हाणीघरात बादली नसते, खालचा नळ नसतो. असतो तो भिंतीवरचा शॉवर आणि ओला झाला की अंगाला चिकटणारा पडदा. आमच्या अडीच वर्षांच्या लेकीने तो प्रकार पाहून जो सूर लावला, तो समोरच्या केबिनपर्यंत नक्की पोचला असणार. शेवटी मग काढला, बेसिनच्या नळाखाली भरला, 'हर हर गंगे' म्हणत अंगावर ओतला आणि सूर थांबला.

क्रूझचे व्हिडिओ पाहिलेत तर त्यात पूल, कॅसिनो, बुफे, नाचगाणी सगळं असतं. मग नसतो. म्हणून हा लेख. पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि सोबत पाच वर्षांच्या आतलं मूल असणाऱ्या आईबाबांसाठी. उदाहरण मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं घेतलंय, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. सिंगापूरहून जाणाऱ्यांसाठी जिथे वेगळं काही आहे तिथे सांगेन.

मूल केवढं, महिना कोणता, रात्री किती

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत. सलग बरेच दिवस भर समुद्रात असणाऱ्या लांबच्या सफरींना ही अट वर्षाची होते. दुसऱ्यांदा दिवस गेले असतील तर आणखी एक नियम माहीत हवा: सफर संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागत असेल तर सहसा चढू देत नाहीत. वय बुकिंगच्या दिवशीचं नव्हे, जहाज सुटण्याच्या दिवशीचं मोजतात.

नियम काही म्हणोत, माझं मत विचाराल तर कडेवरचं बाळ सोपं, तीन वर्षांचं मूल सोपं, आणि मधलं, म्हणजे नुकतं चालायला लागलेलं, अवघड. त्याला बसायचं नसतं, उचलून घेतलेलं चालत नसतं आणि जहाजावर जिने फार असतात. तुमचं मूल सव्वा वर्षाचं असेल आणि सहा महिने थांबणं शक्य असेल, तर थांबा.

महिन्याचं गणित कोकणातल्या कुणालाही विचारा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र मोकळा होतो खरा, पण सप्टेंबरमध्येही तो पुरता निवळलेला नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळं उठण्याची शक्यता असते. डिसेंबर ते फेब्रुवारीचा समुद्र त्यातल्या त्यात शांत. मुलासोबत पहिली सफर असेल तर त्याच दिवसांत करा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

रात्री किती? इथे नवखे हमखास चुकतात. 'एक रात्र करून बघू' म्हणून मुंबई-गोवा एकच रात्र घेतात. चढायचा दिवस रांगा, तपासणी आणि केबिन शोधण्यात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. मुलाला आपला पलंग कुठला हे कळेपर्यंत सामान बांधायची वेळ येते. निदान दोन रात्री घ्या, तीन मिळाल्या तर उत्तम. आणि जमलं तर मधल्या वारांची फेरी घ्या. शुक्रवार ते रविवारच्या फेऱ्यांना मित्रमंडळींचे घोळके जास्त असतात, पूलपाशी डीजे रात्री उशिरापर्यंत चालतो. त्यात वाईट काही नाही, पण साडेआठला झोपणाऱ्या मुलाच्या आईला तो आवाज वेगळाच ऐकू येतो.

केबिन: इथे पैसे वाचवू नका, पण उधळूही नका

मुंबईहून २०२१पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' हे जहाज फेऱ्या करू लागलं. ते १९९०चं, फ्रान्समध्ये बांधलेलं, मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी २११ मीटर, ११ मजले. ऐकायला प्रचंड वाटतं, पण आजकालच्या परदेशी जहाजांपुढे मध्यम म्हणावं असं. याचा मुलाशी संबंध काय? दोन गोष्टी. त्या काळच्या जहाजांवरच्या साध्या केबिनी लहान असतात, आणि जहाज जितकं लहान तितकं ते जास्त डोलतं.

डोलण्याचं म्हणाल तर बागेतला सी-सॉ आठवा. टोकाला बसलेली मुलं वरखाली होतात, मधल्या दांड्यापाशी काहीच हलत नाही. जहाजाचंही तसंच. म्हणून केबिन मागताना 'मधली आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची' असं स्पष्ट सांगा. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, नाळेकडची म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची खोली फोटोत झकास दिसते, रात्री कळते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांनी आडवं हेलकावणं बरंच कमी होतं. पण पुढचं-मागचं उचलणं-आपटणं त्यांनी थांबत नाही.

जहाजाचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल. वर केबिन, खाली केबिन, ही झोपणाऱ्या मुलासाठी उत्तम जागा.

आतली बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त. तिला नावं ठेवू नका: दिवा मालवला की दुपारीही मिट्ट काळोख, मूल दोन-दोन तास झोपतं. पण जागं झाल्यावर आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा खिडकीची केबिन मला योग्य वाटली. लेकीने त्या गोल-चौकोनी काचेला नाक लावून जितका वेळ काढला, तितका कुठल्याच खेळण्याने दिला नव्हता. बाल्कनीवर पैसे घालायचे तर मूल चढाचढी करणारं आहे का, याचा आधी विचार करा. घेतलीच तर पहिलं काम म्हणजे बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबल कठड्यापासून दूर ओढणं किंवा आत आणणं, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली ठेवणं. मूल बाल्कनीत असताना तुम्ही फोन बघत नाही. एवढा एक नियम नवरा-बायकोने आधीच ठरवून टाका.

तिसरी-चौथी जागा म्हणजे बहुधा भिंतीतून खाली येणारी वरची बर्थ. लहान मूल तिथे झोपवता येत नाही. त्यामुळे बुकिंग करतानाच पाळणा मागून घ्या आणि लेखी होकार मिळवा. जहाजावर ते मोजकेच असतात. दोन वर्षांच्या वरचं मूल बहुतेक वेळा तुमच्याच मध्ये आडवं झोपणार, हे घरच्यासारखंच.

केबिनमध्ये शिरल्याबरोबर दोन गोष्टी मुलाला दाखवा. न्हाणीघराचा उंबरा: तो आपल्या घरच्यापेक्षा उंच असतो, मोठी माणसंसुद्धा ठेचकाळतात. आणि दार: ते जड असतं, आपोआप मिटतं आणि जहाज कललं की जोरात मिटतं. मुलाची बोटं कुठे आहेत ते बघितल्याशिवाय दार सोडायचं नाही.

पैशांचं थोडक्यात

'मुलं मोफत' अशी जाहिरात असते. मोफत असतं ते भाडं. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर मुलाच्याही नावाने लागतात, ते धरून एकूण आकडा विचारा. जहाजावर रोख चालत नाही. चढताना मिळणारं कार्ड हीच किल्ली, हेच ओळखपत्र आणि हेच पाकीट. खेळांच्या खोलीत मुलाच्या हाती ते कार्ड देऊ नका. त्यावरचा खर्च शेवटच्या दिवशी बिलात दिसतो. शेवटच्या दिवसाची वाट न बघता रोज रात्री खात्याचा आकडा विचारत जा.

विम्यात 'समुद्रप्रवास' हा शब्द आहे ना ते वाचा. जहाजावर डॉक्टर असतात, पण बालरोगतज्ज्ञ नसतात, आणि तिथला एक साधा तपासही खिशाला चांगलाच जाणवतो.

कागदपत्रं

देशातल्या सफरीला मोठ्यांचं आधार किंवा पासपोर्ट, आणि मुलाचं बाल आधार, पासपोर्ट किंवा जन्मदाखला. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं निळं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं, ते आधीच काढून ठेवलेलं बरं. मूळ कागद न्या. फोनमधला फोटो दाखवून धक्क्यावर हुज्जत घालायची वेळ आणू नका. तिकिटावरचं मुलाचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते बघा. बारशाचं एक, हाकेचं एक आणि दाखल्यावरचं तिसरंच, असं आपल्याकडे होतं.

लक्षद्वीपला उतरायचं असेल तर प्रवेश परवाना लागतो. तो सहसा कंपनीच काढते, पण त्यासाठी माहिती वेळेत भरून द्यावी लागते.

सिंगापूरहून निघणार असाल तर एक बारीकशी गोष्ट फार महागात जाऊ शकते. जहाज मलेशिया-थायलंड करून सिंगापूरला परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. व्हिसा अनेकदा प्रवेशाचा हवा, आणि आगमनाचा ऑनलाइन फॉर्म परतताना पुन्हा भरावा लागतो. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो; आपला दहा वर्षांचा बघून त्याचाही असेलच असं धरून चालू नका.

घरच्या घरी रंगीत तालीम

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट जाते, २०२०पासून. गाडीसकट चढायचं, तासाभरात मांडवा. एका रविवारी मुलाला घेऊन जा आणि या. त्या तासात तुम्हाला कळेल की पोराला इंजिनाचा आवाज सहन होतो का, वाऱ्याने तोंड वेडंवाकडं होतं का, पाणी बघून ते घाबरतं की कठड्यावर चढायला धावतं. आमच्या लेकीला बोट आवडली, पण भोंग्याने ती इतकी दचकली की मांडव्याच्या धक्क्यावर उतरेपर्यंत बाबाच्या शर्टात तोंड खुपसून होती. ते आम्हाला तासाभराच्या फेरीतच कळलं हे बरं झालं.

कारण क्रूझवर भोंगा वाजतोच. जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर सगळ्या प्रवाशांना जमवून सुरक्षेची तालीम घ्यावी लागते. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळली. तिच्यात त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची ही तालीम व्हायची होती. त्यानंतर नियम कडक झाला. धोक्याचा इशारा असतो सात छोटे भोंगे आणि एक लांब. आम्ही आठवडाभर घरी तो खेळ खेळलो. आजी भोंगा: पीं पीं पीं पीं पीं पीं पीं, पींऽऽऽ. की सगळ्यांनी दारापाशी पळायचं. जहाजावर खरा भोंगा झाला तेव्हा लेक ओरडली, "आजी, तुझा आवाज!"

बोट लागली तर

आपल्याकडे गाडी लागते तशी बोट लागते. गंमत म्हणजे दोन वर्षांच्या आतल्या बाळांना ती क्वचितच लागते. खरा त्रास दोनच्या पुढे सुरू होतो आणि शाळकरी वयात वाढतो. कारण सोपं आहे. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, आणि डोळ्यांना दिसणारी खोली सांगते सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाही की पोट ढवळतं. म्हणून उपाय पहिला: केबिनमध्ये पुस्तक किंवा मोबाईल बघत पडू नका, मोकळ्या डेकवर या आणि क्षितिजाच्या रेघेकडे बघा. मुलाला 'लांब होडी दिसते का बघ' म्हटलं तरी काम होतं.

पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. कोरडा खाकरा, मुरमुरे, साधा भात. आलेपाकाची वडी मोठ्या मुलाला चघळायला चालते. छोट्याला नको, घशात अडकेल. लिंबू कापून हुंगायला द्यायची आजीची युक्ती लहानांवर बरी चालते, निदान त्यांचं लक्ष तरी दुसरीकडे जातं.

आता औषध. गोळ्यांच्या डब्यात आपल्याकडे अॅव्होमिन असतेच, आणि 'अर्धी देऊन टाक' म्हणणारं कुणीतरीही असतंच. त्यात प्रोमेथाझिन आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ते देत नाहीत, श्वास मंदावण्याचा धोका असतो. दोनच्या वरच्यांनाही आपल्या डॉक्टरांनी वजन बघून सांगितल्याशिवाय नाही. आणि डॉक्टरांनी दिलं तर पहिला डोस जहाजावर देऊ नका. आधी घरी एकदा देऊन बघायचं का ते त्यांनाच विचारा. काही मुलं त्याने झोपतात, काही उलट पिसाटतात. उलट्या झाल्याच तर ओआरएसची पाकिटं सोबत हवीत, चमच्या-चमच्याने.

सामान: दोन बॅगा, दोन हिशेब

मोठ्या बॅगा धक्क्यावर चिठ्ठी लावून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी कित्येक तासांनी येतात. हे मी वाचलं होतं. तरीही डायपरचं नवं पाकीट मोठ्या बॅगेत गेलं, माझ्याच हातांनी. हातात उरले होते दोन. दुपारी दीड ते संध्याकाळी सहा मी ज्या चिकाटीने त्या कॉरिडॉरकडे डोळे लावून बसले, तसं आयुष्यात कुणाची वाट बघितली नाही. तुम्ही हातातल्या पिशवीत ठेवा: दिवसभराचे डायपर, कपड्यांचे दोन जोड, औषधं, दूध पावडर, बाटली, पोहण्याचे कपडे, एक चादर आणि मुलाचं ते एक खेळणं ज्याच्याशिवाय झोप येत नाही.

काय नेऊ नये, तेही ऐका. तपासणी विमानतळासारखीच असते. विजेची किटली, छोटा कुकर, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाहीत. समुद्रात आगीची भीती सगळ्यात मोठी. मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटीही नाही. सासूबाईंनी छोटं निरांजन आणि तुपात भिजवलेल्या वाती डबीत घालून आणल्या होत्या. तपासणीवरच्या मुलीने डबी उघडली, हुंगली आणि हसून बाजूला ठेवली. मग तीन दिवस आमचा देव फुलावर राहिला. घरी शिजवलेलं अन्नही सहसा नेऊ देत नाहीत. बाळाच्या खाण्याला मात्र सूट असते, तीही बंद पाकिटांतली. तेव्हा नाचणी सत्त्वाचं पाकीट न्या, वरणभाताचा डबा नको.

बाबागाडी न्यायची तर छत्रीसारखी मिटणारी. कॉरिडॉर अरुंद असतात आणि तिथे गाडी ठेवून देऊ देत नाहीत. एक थर्मास, भांडी धुवायचा छोटा साबण, कपडे वाळवायला दोरी, सूर्यापासून वाचवणारी टोपी जिला हनुवटीखाली बंद आहे (नसेल तर ती अरबी समुद्राला अर्पण), आणि तो मग. कार्टून फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. किनारा मागे पडला की काही मैलांत मोबाईलची रेंज जाते. फोन तेव्हाच विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी येतं.

चढायचा दिवस

क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीने अगदी जवळ. पुण्याहून येणाऱ्यांना डेक्कन क्वीन सोयीची: सव्वासातला निघून साडेदहाच्या आत सीएसएमटी. दुपारची चढायची वेळ असेल तर मुलाला जेवू घालूनच आत जा. टर्मिनलच्या रांगेत भुकेलं मूल आणि तपासणी, हे दोन्ही एकदम नको. तुम्हाला चढायची ठरावीक वेळ दिली असेल तर त्याच वेळी जा. 'लवकर जाऊन बसू' म्हणणाऱ्यांची मुलं तिथेच झोपून उठतात आणि जहाजावर मध्यरात्रीपर्यंत जागी राहतात.

केबिन मिळाली की कपाटातली लाइफ जॅकेटं बाहेर काढा. मोठ्यांची असतीलच. मुलाच्या मापाचं नसेल तर लगेच मागा. चोवीस तासांहून लांबच्या सफरीत प्रत्येक तान्ह्या बाळासाठी वेगळं जॅकेट असायलाच हवं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मागताना संकोच नको. मुलाला ते तिथेच एकदा घालून बघा. शिट्टी असते त्याला, ती एकदा वाजवू द्या. मग लपवा.

जेवण आणि झोप यांच्याभोवती बाकीचं

जहाजाचं वेळापत्रक रोज छापून किंवा फोनवर मिळतं आणि ते बघून हावरटपणा सुटतो. आम्ही पहिल्या दिवशी सगळं करायला गेलो आणि संध्याकाळी चारला तिघंही एकमेकांवर ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी उलटं केलं. आधी लेकीच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा लिहिल्या, उरलेल्या फटींत जे बसेल ते घेतलं. फारसं काही बसलं नाही. पण डेकवर वाऱ्यात उभं राहून पाण्याचा पांढरा पट्टा बघायला कुठलीच वेळ लागत नव्हती.

बुफे उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते. भात, वरण किंवा डाळ, दही, केळी, उकडलेलं अंडं एवढं मिळतंच. तिखट नको असेल तर आदल्या जेवणालाच सांगून ठेवा, स्वयंपाकघरातले लोक मुलांसाठी खुशीने वेगळं करून देतात. आम्ही मेतकुटाची पुडी नेली होती. मऊ भात, मेतकूट, तुपाऐवजी लोणी, काम झालं. गरम पाणी थर्मासमध्ये भरून मागा, नाचणी सत्त्व त्यात होतं. हात मात्र साबणाने धुवा. दारात सॅनिटायझर असतो, पण जहाजांवर पोटाच्या साथीला कारण होणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही.

पूलचं आधीच सांगते, म्हणजे तिथे रडारड नको: डायपर लागणाऱ्या मुलाला बहुतेक जहाजांच्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरी. काही जहाजांवर पाण्याचे फवारे असलेला वेगळा भाग असतो, तिथे विचारा. आणि पूलपाशी जीवरक्षक असेलच असं नाही. मुलांची खेळखोली सहसा तीन वर्षांपुढच्या, शी-शू स्वतः सांगणाऱ्या मुलांना एकटं ठेवून घेते. त्याखालच्यांना आईबाबांसोबत. परदेशी मोठ्या जहाजांवर सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी पैसे देऊन पाळणाघर असतं, पण जागा थोड्या. चढल्या दिवशीच नाव घाला.

रात्रीच्या कार्यक्रमाला दोघांनी मिळून जायचा हट्ट सोडा. एक दिवस एकाने जायचं, एक दिवस दुसऱ्याने. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांची केबिन शेजारची घ्या, आणि त्यांनाही कार्यक्रम बघायचा असतो हे विसरू नका. आमच्या सासूबाईंनी दोन्ही रात्री पहिल्या रांगेत बसून जादूचे प्रयोग बघितले.

बंदरावर उतरताना

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, वास्कोजवळ. नकाशात गोवा लहान दिसतो म्हणून लोक तिथून कळंगुटला निघतात, जुवारी आणि मांडवी नद्या ओलांडून. छोट्या मुलासोबत हा वेडेपणा आहे. अर्धा दिवस टॅक्सीत जातो. जवळ बोगमाळोचा किनारा आहे, आणि त्याच रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय, उघड्यावर ठेवलेली जुनी विमानं. सोमवारी बंद असतं. दोन तास तिथे, दोन तास वाळूत, आणि झोपेच्या वेळी परत केबिनमध्ये. कोचीला फोर्ट कोचीची चिनी जाळी वरखाली होताना बघणं मुलाला पुरतं.

लक्षद्वीपचं वेगळं. बेटांभोवती प्रवाळाची कडी आणि आत उथळ पाणी, त्यामुळे जहाज बाहेर समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या बोटींतून उतरवतात. आपल्या आजोबांच्या पिढीला हे नवं नव्हतं. कोकणची आगबोट मालवण, देवगड, विजयदुर्ग करत जायची तेव्हा कितीतरी ठिकाणी धक्काच नसायचा; पडाव, म्हणजे छोट्या होड्या यायच्या, आणि खलाशी पोरांना सरळ बकोटीला धरून खाली द्यायचे. आता खलाशी हात देतात, पायरी असते, पण त्या क्षणी दोन बोटी वरखाली होतच असतात. म्हणून बाळ पुढे झोळीत बांधलेलं, दोन्ही हात मोकळे, चपला पट्ट्याच्या, बाबागाडी वरच. लाटा जास्त असल्या तर उतरणं रद्द होतं. मुलाला आदल्या रात्री 'उद्या बेटावर जायचं' असं वचन देऊ नका, 'समुद्र हो म्हणाला तर' असं म्हणा.

शेवटची रात्र

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा बांधून केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीत खाली जातात आणि सकाळी थेट टर्मिनलवर भेटतात. डायपरची चूक पुन्हा करायची नाही म्हणून मी या वेळी डायपर, दूध, कपडे, औषधं, सगळं हातातल्या पिशवीत काढून घेतलं, दोनदा तपासलं आणि समाधानाने बॅगा बाहेर लोटल्या. सकाळी सहाला लक्षात आलं की लेकीचे बूट, चपला आणि पावसाळी गमबूटसुद्धा (ते का आणले होते, देव जाणे) बाहेर गेलेत. बाबाच्या खांद्यावर बसून, पायात त्याचेच मोजे कोपरापर्यंत ओढावेत तसे मांडीपर्यंत चढवून, ती बॅलार्ड पिअरला उतरली. टॅक्सीवाल्याने आरशातून बघून विचारलं, "पाण्यात पडले काय बूट?"

"नाही," ती म्हणाली, "पुढे गेले."